पाचशे बाराचा म्हातारा

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझी शाळा चौथीत सुटली, पण माझ्या डोक्यात एकदा शिरलेली गोष्ट तिथून कधी सुटत नाही! चौतीस वर्षं मी कपडे धुण्याचं दुकान चालवतेय. कोणाच्या कोटाचं कितवं बटण बदललेलं आहे, कोणाच्या पलंगपोसावर शाई सांडली आणि त्याचा आळ बिचाऱ्या कोणावर आला, सगळं तोंडपाठ. सहा वर्षांपूर्वी माझ्या नणंदेने माझी पितळी मुठीची छत्री लांबवली. त्या दिवशी ती किती वाजता आली, कुठल्या खुर्चीत बसली, चहात साखर किती घेतली, आज विचारा, आज सांगते! तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही, आणि का बोलत नाही हे एक दिवसही विसरलेले नाही.

तर अशा बाईच्या दुकानात परवा एक कपडा सापडेना. आणि कपडा कोणाचा? विहीणबाईंचा!

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. मुख्याध्यापिका. बाई बोलायला लागली की समोरचा आपोआप सरळ उभा राहतो आणि हाताची नखं लपवतो. त्या परवा निवृत्त होणार होत्या. चार वाजता शाळेच्या सभागृहात सत्कार. त्यांच्या अगदी पहिल्या तुकडीतल्या मुली, ज्या आता स्वतः आज्या झाल्यात, त्यांनी मिळून त्यांना गर्द हिरवा रेशमी पोशाख शिवून दिला होता. गळ्याशी बारीक मोत्यांची नक्षी, एकेक मोती त्या बायकांनी स्वतःच्या हाताने शिवलेला. त्या सगळ्या पहिल्या रांगेत बसणार होत्या. म्हणजे तो पोशाख घातल्याशिवाय विहीणबाईंना स्टेजवर पाऊल टाकण्याची सोय नव्हती.

"रेशीम आहे, मोती आहेत. दुसरीकडे देऊ का?" असं त्या सुनेला म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन पोशाख उचलून आणला! म्हटलं, "विहीणबाई, परवा तीन वाजता तुमच्या हातात. चौतीस वर्षांत माझ्या दुकानातून एक बटण हरवलेलं नाही."

आता आमच्या दुकानाची रचना समजून घ्या, नाहीतर पुढचं रामायण कळायचं नाही. आमच्याकडे एक फिरती साखळी आहे. छताला टांगलेली, दोन मजल्यांतून नागमोडी गेलेली, बाराशे हुकांची. धुऊन इस्त्री झालेला कपडा जाड खाकी पिशवीत घालून हूकवर चढवायचा, की तो निघाला वर. पिशवीतून आतलं काही दिसत नाही. उजेडाने रंग उडू नये म्हणून ती युक्ती माझीच! गिऱ्हाइकाने पावती दिली की कॉम्प्युटरवर नंबर मारायचा. साखळी घरघरत फिरते आणि बरोबर तोच हूक खिडकीशी येऊन थांबतो. कपडा कोणाचा हे माझ्या डोक्यात, आणि हूक कुठला हे कॉम्प्युटरच्या.

साखळी चालवणारा प्रोग्रॅम साखळीइतकाच जुना. तो बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली. तो ज्या कॉम्प्युटरवर चालायचा, तोही दोन वर्षांपूर्वी धूर सोडून वारला. तेव्हा सून धावून आली. ती कॉम्प्युटरमधलीच. तिने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर तयार केला. खराखुरा नाही, नुसता मानलेला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. नव्याच्या पडद्यावर एक चौकट उघडते, आणि त्या चौकटीत हा जुना आपल्या त्याच निळ्या चेहऱ्याने बसलेला! आपण दुसऱ्याच्या घरात राहतोय याचा त्याला पत्ताच नाही. मी त्याचं नाव ठेवलं म्हातारा. सुनेने पडद्याच्या कडेला चिठ्ठी डकवली: 'मेमरी पाचशे बारा. कृपया हा आकडा कोणीही बदलू नये.'

त्या 'कोणीही'चा रोख कोणाकडे होता, ते काय मला कळत नाही?

परवा दुपारी सव्वाबाराला म्हातारा रेंगाळायला लागला. नंबर मारला की पाच-पाच मिनिटं विचार करत बसे. आणि विहीणबाईंचा फोन, "गाडी बरोबर तीनला येईल."

आमचे हे कॉम्प्युटरपाशी बसले होते. मी विचारलं, "अहो, गेल्या आठवड्यात मेकॅनिकने यात नवीन मेमरी घातली ना? मग हा असा का करतोय?"

"ती नव्याला घातली. बत्तीस जीबी. म्हाताऱ्याला आपले तेच पाचशे बारा."

"पाचशे बारा म्हणजे जास्त झाले की बत्तीसपेक्षा!"

"अगं, ते लहान माप. हजाराचा एक जीबी धर. म्हणजे म्हाताऱ्याला अर्धा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात बत्तीस मापं भरून वाहताहेत, आणि घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला अर्धं माप? कामं करायची त्याने, साखळी ओढायची त्याने, आणि तरण्याने बसून खायचं? आज याच्यावर आली, उद्या माझ्यावर येईल!

"वाढवा," मी म्हटलं.

"सूनबाईला विचारून..."

"ती मीटिंगमध्ये आहे. तीनपर्यंत फोन बंद. आणि या दुकानात मी कोणाला विचारून काम केलंय?"

यांनी म्हाताऱ्याला बंद केलं. मेमरीच्या खिडकीत एक सरकणारी खूण होती. ती त्यांनी भीत भीत दोन हजारांवर नेली आणि म्हाताऱ्याला पुन्हा चालू केलं. निळा चेहरा आलाच नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

"काय म्हणतोय?"

यांनी चष्मा वर केला. "म्हणतोय, मेमरी अपुरी आहे."

"बघा! बघा!" मी टाळीच वाजवली. "उपाशी होता बिचारा. आजवर लाजेने बोलला नाही. चार हजार द्या!"

चार हजार दिले. म्हातारा म्हणाला, मेमरी अपुरी आहे.

आठ दिले. अपुरी आहे.

सोळा दिले. म्हणजे निम्मं घर त्याच्या नावावर करून दिलं म्हणा ना! तरी त्याचं पालुपद तेच. अपुरी आहे!

इस्त्रीमास्तर गरम इस्त्री हातात धरून मागे येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "बाई, एवढं खाऊन भूक भूक करतोय म्हणजे पोटात जंत असतील."

"तुम्ही तुमच्या कॉलरी बघा!"

"मी काय म्हणतो," हे चाचरत म्हणाले, "जरा कमी करून पाहू का?"

"उपाशी माणसाच्या पुढ्यातून काढून घेता? ते तुमच्या घराण्यात चालत असेल! आणखी काय लिहिलंय खाली? ती दुसरी ओळ काय आहे?"

"चालू असलेली कामं बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा."

एवढं स्पष्ट लिहिलेलं आणि हे वाचत नव्हते! मी लगेच पदर खोचला. इस्त्री बंद करवली. पंखा बंद. पिळणीयंत्र बंद. मोठ्या ड्रममध्ये दवाखान्याच्या साठ चादरी साबणात घुसळत होत्या, तो ड्रम बंद. त्या चादरी आत धपकन बसल्या, तसं माझं काळीजही बसलं. यांचा रेडिओ तर मी सगळ्यात आधी बंद केला. दुकानात अशी शांतता पसरली, की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. एक वाजून दहा मिनिटं.

"आता करा चालू."

अपुरी आहे.

"घड्याळ बंद करू का?" इस्त्रीमास्तरने विचारलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो विझलेली इस्त्रीच फिरवायला लागला.

आता खरं सांगते, पायाखालची जमीन सरकली. बाराशे हूक, बाराशे खाकी पिशव्या, सगळ्या एकसारख्या, जुळ्या बहिणी! त्यातल्या एकीत हिरवा पोशाख. आणि कुठल्या पिशवीत, ते जाणणारा एकच जण, तो पडद्यामागे बसून भुकेचा गळा काढतोय!

साखळीला हाताने फिरवायचा एक दांडा आहे, लाईट गेली तर म्हणून. इस्त्रीमास्तर दांड्याला लागला. हे स्टुलावर चढून एकेक पिशवी खालून उचकटून आत डोकावायला लागले. मी माझ्या खुर्चीत, पाठीमागच्या लोखंडी कपाटाला टेकून, कमरेच्या किल्ल्या गच्च धरून हुकूम सोडत होते.

"काय आहे?"

"करडी पँट."

"पुढे!"

"पुन्हा करडी पँट."

"पुढे! हिरवं दिसलं की बोला, लोकांच्या पँटा मोजू नका!"

एका पिशवीत यांना अस्वलाचं तोंड दिसलं आणि हे स्टुलावरून पडता पडता वाचले. नाटकवाल्यांचा पोशाख तो! दोन वाजता यांनी ओरडून सांगितलं, "हिरवं! हिरवं!" माझा जीव भांड्यात पडला. पिशवी उघडली, तर बिलियर्डच्या टेबलावरचं कापड. जीव पुन्हा भांड्याबाहेर.

अडीच वाजता चारशे हूक झाले होते आणि इस्त्रीमास्तरचे दोन्ही खांदे गेले होते. तो म्हणाला, "स्टूल त्या कपाटाला लावून उभं केलं तर वरच्या रांगेपर्यंत हात जाईल. बाई, जरा उठता का?"

"कपाटाला हात लावायचा नाही! माझं खासगी आहे ते!"

हे स्टुलावरून माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते. मी डोळे वटारले. त्यांनी तोंड मिटलं आणि पुढची पिशवी उचकटली.

तीनला पाच कमी असताना काचेच्या दारापाशी गाडी थांबली. विहीणबाई आत आल्या. साध्या घरच्या कपड्यांत. केस मात्र छान बांधलेले, कानात मोती. पोशाख इथूनच घालून जायचा, असा बेत. हातात भाषणाचा कागद, आणि तो कागद चक्क थरथरत होता! एवढ्या वर्षांत त्या बाईचा हात मी कधी हललेला पाहिला नव्हता.

"विहीणबाई, आज मला फार भीती वाटतेय हो," त्या हळूच म्हणाल्या. "मुलांसमोर आयुष्य गेलं, पण आज त्या पोरी समोर बसणार. पोशाख घातला की धीर येईल. झालाय ना?"

इतकी वर्षं मी या बाईला एकदा तरी घाबरलेली बघायची इच्छा मनात धरून होते. आणि आता बघितली, तर मीच घाईघाईने पदराने खुर्ची पुसायला लागले!

"झालाय म्हणजे काय! केव्हाचा झालाय. बसा ना. अहो, विहीणबाईंना पाणी द्या!"

हे स्टुलावर, डोकं पिशवीत. "करडी पँट," आतून आवाज आला.

"हे काय चाललंय?"

"वार्षिक तपासणी," मी म्हटलं.

"आणि दुकान इतकं शांत का?"

"तुमच्या सन्मानार्थ!"

मुख्याध्यापिकेला थाप मारणं सोपं नसतं. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे फक्त पाहिलं. मला चौथीतला वर्ग आठवला. तेवढ्यात फोन वाजला. सून!

"आई, तुमचे अकरा फोन येऊन गेलेत. काय झालं?"

मी तोंडावर पदर घेतला आणि भिंतीकडे वळले. "काही नाही गं. सहज. समज, एखाद्या दुकानात एखादा म्हातारा असला..."

"तुम्ही आकडा वाढवलात?"

"मी? छे! समज, कोणीतरी वाढवला. चांगल्या हेतूने."

"किती केलात?"

"समज... सोळा हजार."

पलीकडे एवढा मोठा सुस्कारा निघाला, की माझा पदर हलल्यासारखा वाटला. "आई, म्हणून तर चिठ्ठी लावली होती! त्याला जास्त मेमरी झेपत नाही."

"अगं, पण तोच म्हणतोय ना अपुरी आहे म्हणून!"

"तो तसंच म्हणतो. तो ज्या काळातला आहे, त्या काळात एवढी मेमरी कोणाकडे नव्हतीच. प्रत्येक जागेला पत्ता द्यावा लागतो, आणि त्याच्याकडचे पत्ते ठरावीकच. तुम्ही ढीगभर मेमरी पुढे ठेवली, की तो त्या सगळ्या ढिगाची नोंदवही मांडायला घेतो. ती वही मांडण्यातच त्याची सगळी जागा संपते, उठून बसायलाही उरत नाही. मग ओरडतो, अपुरी आहे!"

हे तर मला ठाऊक होतं! दुकान टाकलं तेव्हा साखळी नव्हती, मी पितळेचे बिल्ले पाडून घेतले होते. बिल्ल्यावर तीनच आकडे मावायचे, म्हणून नऊशे नव्व्याण्णवपर्यंत. खुंट्या मात्र हौसेने दीड हजार ठोकल्या. हजारावा कपडा आला तेव्हा बिल्लाच नाही! पुन्हा एकपासून सुरू केलं, आणि एका वकिलाचा काळा झगा गेला जादूगाराकडे, जादूगाराचा वकिलाकडे. वकीलसाहेब भर कोर्टात घाम पुसायला गेले, तर खिशातून निघणारे रुमाल काही संपेनात!

म्हणजे म्हाताऱ्याच्या खुंट्या मी वाढवल्या, आणि बिल्ले त्याच्याकडे होते तेवढेच. त्याचीही शाळा चौथीतच सुटलेली म्हणायची.

"मग रेंगाळत का होता तो दुपारी?"

"अहो आई, दर महिन्याला त्याला एकदा बंद करून चालू करायचं असतं. तेवढंच!"

"बरं, बरं. समज, त्या माणसाने आकडा पुन्हा पाचशे बारा केला तर?"

"लगेच उठेल. आणि आई, त्या माणसाला सांगा, माझ्या आईचा पोशाख तिथेच आहे."

"त्या माणसाला ठाऊक आहे!"

हे स्टुलावरून उतरले. म्हातारा बंद, आकडा पाचशे बारा, म्हातारा चालू. आम्ही तिघं पडद्यासमोर श्वास रोखून उभे. विहीणबाईही उठून मागे आल्या. काळं... काळं... आणि निळा चेहरा! सोळा हजारांत कण्हत होता, अर्ध्या मापात टुणकन उठून बसला! इस्त्रीमास्तरने हात जोडले.

तीन वाजून वीस मिनिटं.

"मारा नंबर! पावती कुठंय विहीणबाई?"

विहीणबाईंनी पर्समधून पावती काढली. यांनी नंबर मारला. मी साखळीच्या खिडकीशी जाऊन दोन्ही हात पुढे करून उभी राहिले, बाळ झेलायला उभी राहावी तशी. आता घरघर होणार, आता पिशवी येणार...

साखळी हललीच नाही.

"काय झालं? काय म्हणतोय तो? आता पुन्हा काय अपुरं पडलं?"

हे पडद्याकडे पाहत होते. मग घसा खाकरला. "म्हणतोय, हूक नाही."

"हूक नाही म्हणजे?" विहीणबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "हरवला?"

"हूक नाही. पुढे शेरा आहे," यांनी वाचलं. "'साखळीवर चढवू नये. मालकीणबाईंच्या कपाटात.' कालची नोंद, संध्याकाळी पाच चाळीसची."

दुकानात फक्त घड्याळ बोलत होतं. ते बंद करायला हवं होतं.

मग मला हळूहळू आठवलं. रेशीम, मोती, विहीणबाईंचा कपडा, साखळीवर नको, कुठे मोती अडकला तर! मीच तो मऊ कागदात गुंडाळला, मीच कपाटात ठेवला, मीच कुलूप लावलं, आणि यांना ओरडून म्हटलं होतं, "लिहून ठेवा!" आणि आज दोन तास मी त्याच कपाटाला पाठ टेकून, त्याच किल्ल्या हातात धरून साखळीवरच्या पिशव्या उचकटायला लावत होते!

"अहो, तुम्हीच लिहिलंत ना हे? मग दुपारपासून बोलला का नाहीत?"

"मला अंधुक वाटत होतं," हे म्हणाले. "पण तू म्हणालीस साखळीवर आहे. तुझ्या डोक्यात शिरलेलं कधी सुटत नाही, असं आम्हाला चौतीस वर्षं सांगितलंस. मी कोण मध्ये बोलणार?"

इस्त्रीमास्तर आपले खांदे चोळत दुसरीकडे बघायला लागला. त्याच्या पाठीकडूनसुद्धा कळत होतं की तो हसतोय.

मी कपाट उघडलं. हिरवा पोशाख, मोत्यांसकट, सुरकुती नाही. विहीणबाई आतल्या खोलीत जाऊन घालून आल्या. खरं सांगू? शोभत होता. हात थरथरायचा थांबला होता. तीन पस्तीसला त्या गाडीत बसल्या. काच खाली करून म्हणाल्या, "विहीणबाई, तपासणी फार कसून केलीत. दहापैकी नऊ."

"एक कशाचा कापलात?"

"थापेचा," म्हणाल्या आणि गेल्या.

सत्कार छान झाला म्हणे. सून संध्याकाळी दुकानात आली. मला वाटलं आता बोलणार. कसलं काय! तिने माझं कपाट उघडायला लावलं, आतली एकेक वस्तू पाहून यादी केली आणि दारावर आतून डकवली. म्हणाली, "आई, डोक्याला एवढा भार कशाला? थोडं कागदावर ठेवायचं."

मी म्हटलं, मला असल्या याद्यांची गरज नाही. ती गेल्यावर, नुसती अक्षर कसं आहे ते बघावं म्हणून, एकेक अक्षर लावत वाचली. सतरा वस्तू होत्या. सोळा माझ्या लक्षात होत्या.

सतरावी होती, पितळी मुठीची छत्री.

नणंदेला फोन करायचाय. उद्या करीन म्हणते. लक्षात राहिलं तर!